एसी-हीटिंगच्या धंद्यासाठी वर्कर्स कॉम्प विमा कसा घ्यावा

जुलैच्या उन्हात तापलेल्या माळ्यावर गुडघे टेकून डक्ट जोडायचा, शिडी लावून छतावरच्या युनिटपर्यंत पोचायचं, पत्र्याच्या धारेपासून बोटं सांभाळायची. अमेरिकेत हीटिंग-एसीची कंत्राटं घेणाऱ्यांची माणसं रोज हे करतात. कामावर दुखापत झाली, तर चूक कोणाची हे न बघता वर्कर्स कॉम्प उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग देतो. त्या बदल्यात कामगाराला सहसा मालकावर नुकसानभरपाईचा खटला भरता येत नाही.

सगळ्यात आधी तुमच्या राज्याचा नियम बघा. टेक्सासमध्ये बहुतेक खासगी मालकांवर या विम्याची सक्ती नाही. ओहायो, वॉशिंग्टन, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटामध्ये खासगी कंपनीकडून तो मिळत नाही, तिथे सरकारी फंडाकडेच जावं लागतं. कॅलिफोर्नियात सी-२० (हीटिंग-एसी कंत्राटदाराचा) परवाना असेल, तर १ जानेवारी २०२३ पासून एकही कामगार नसला तरी विमा लागतो. शेजारच्या राज्यात काम धरणार असाल, तर ते सुरू व्हायच्या आत एजंटला कळवा.

मग वर्गाचा कोड, म्हणजे कामाच्या प्रकाराचा नंबर, ज्यावरून दर ठरतो. बऱ्याच राज्यांत एसी-हीटिंग बसवणं आणि दुरुस्ती ५५३७ या कोडखाली येतं, तर फक्त ऑफिसात बसणाऱ्यांचा कोड ८८१० असतो आणि त्याचा दर कितीतरी कमी असतो. पण फोन घेणारी व्यक्ती अधूनमधून साइटवर मदतीला जात असेल, तर तिला ८८१० मध्ये दाखवू नका. डक्ट स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवत असाल, तर तेही आधीच सांगून टाका.

प्रीमियमचं गणित साधं आहे: पगाराच्या दर १०० डॉलरमागे ठरलेला दर, आणि त्याला गुणिले तुमचा ‘मॉड’, म्हणजे तुमच्या जुन्या क्लेमवरून ठरणारा आकडा. समजा सगळ्यांचा मिळून वर्षाचा पगार २,००,००० डॉलर आणि दर ५ डॉलर, तर झाले १०,०००. मॉड ०.८५ असेल तर ८,५००, १.२५ असेल तर १२,५००. हा मॉड साधारण तीन वर्षांच्या क्लेमवरून निघतो आणि नुकतंच संपलेलं वर्ष त्यात धरत नाहीत. म्हणजे आजचा अपघात पुढची काही वर्षं तुमच्या प्रीमियममध्ये दिसत राहतो.

कोट मागवताना पगाराचा अंदाज मुद्दाम कमी सांगू नका. पॉलिसी संपल्यावर खऱ्या पगाराचं ऑडिट होतं आणि फरक एकरकमी भरावा लागतो. हंगामाप्रमाणे माणसं कमी-जास्त होत असतील, तर प्रत्येक पगारावर प्रीमियम भरायची सोय आहे का, हे विचारा.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते पोटकंत्राटदारांपायी, म्हणून इथे थोडं थांबा. त्याच्याकडे विमा नसेल, तर त्याला दिलेली रक्कम ऑडिटमध्ये तुमच्या पगारात धरली जाऊ शकते. काम सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडून विम्याचं सर्टिफिकेट घ्या आणि ते नीट वाचा. बिलावरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव एकच आहे ना? कामाचे सगळे दिवस तारखांमध्ये बसतात ना? आणि वर्कर्स कॉम्पचा रकाना खरंच भरलेला आहे ना? पुष्कळदा फक्त जनरल लायबिलिटीच (बाहेरच्या लोकांच्या नुकसानीचा विमा) असते, रकाना कोरा असतो आणि कागद तसाच फाइलला लागतो. बिलात मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून घ्या.

कोणाला लागलंच, तर आधी उपचार, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला खबर. मृत्यू झाला तर ओशाला (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) ८ तासांत कळवावं लागतं. रुग्णालयात दाखल करावं लागलं, अवयव तुटला किंवा डोळा गेला, तर २४ तासांत. डॉक्टरांनी हलकं काम करायची परवानगी दिली, तर त्या माणसाला पार्ट मोजायला, व्हॅनचा साठा तपासायला किंवा फोनवर बसवा. त्याचा पगार चालू राहतो, आणि बुडालेल्या पगाराची भरपाई द्यावी लागली नाही, तर बहुतेक राज्यांत अशा क्लेमच्या रकमेतला फक्त ३० टक्के भाग मॉडमध्ये धरतात.

ऑडिटसाठी ओव्हरटाइमची वेगळी नोंद ठेवा. बहुतेक राज्यांत दीडपट पगारातली वरची अर्धी पट प्रीमियमच्या हिशेबातून वगळतात, पण नोंद असेल तरच. आकडा चुकीचा वाटला, तर ऑडिटरचे हिशेबाचे कागद मागवा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत घ्या.