गाडीचा ब्लोअर (एसीची हवा फेकणारा पंखा) बंद पडला म्हणून लगेच मोटर घेऊ नका, मी घेतली होती

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यातून मेढ्यामार्गे महाबळेश्वरला चाललेलो. केळघर घाटात काच आतून पांढरी झाली, ब्लोअर लावला तर ढिम्म. बायको ओढणीने काच पुसतीय आणि मी अंदाजाने वळणं घेतोय, शेवटी दोन्ही खिडक्या चार बोटं खाली केल्या तेव्हा कुठं समोरचं दिसायला लागलं, पण दोघंही भिजलो. परत आल्यावर एका गॅरेजवाल्याने नुसता स्विच फिरवून बघितला आणि ‘मोटर गेली’ म्हणाला. मी पण मुकाट्याने नवी घातली. चौथ्या दिवशी परत तेच! जुनी मोटर अजून डिकीत पडून आहे, बॅटरीला लावली की मस्त फिरते.

तर पहिली चूक ही, काही न बघता पार्ट बदलणे. आधी कान द्या. मोटरचा आवाज येतोय पण हवा येत नाही, तर मोटर बरी आहे, केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) काढून बघा. आमच्याकडे उसाच्या फडाशेजारून रोज ये-जा असली की फिल्टर मातीने पार गच्च होतो, कधीकधी त्यात उंदराचा संसार पण सापडतो.

आवाजच नसेल तर स्विच सगळ्या नंबरवर फिरवा. एक-दोन-तीनवर काही नाही आणि चारवर फुल्ल हवा, असं असेल तर साध्या एसीच्या बहुतेक गाड्यांत रेझिस्टर (करंट अडवून पंख्याचा स्पीड कमी करणारा पार्ट) गेलेला असतो, कारण शेवटच्या स्पीडला करंट रेझिस्टरला वगळून थेट जातो. ऑटोमॅटिक एसीवाल्यांनी हा नियम लावू नका, तिथं रेझिस्टरच्या जागी मॉड्यूल, म्हणजे स्पीड सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं.

सगळेच स्पीड बंद असतील तर फ्यूज, रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि अर्थिंगची वायर बघा. फ्यूज उडालेला दिसला म्हणून जास्त अँपिअरचा घालणारे महाभाग आहेत, कृपा करून ते करू नका, ३० च्या जागी ४० घातला तर फ्यूजच्या आधी वायरिंग जळेल. आणि नवा फ्यूज पण लगेच उडाला तर मोटर जाम आहे का, वायर कुठं घासलीय का ते शोधा.

आता माझा घोटाळा. ग्लोव्हबॉक्स काढून मोटरचा कप्लर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट) सोडवला, मल्टीमीटर लावला, १२ व्होल्ट दाखवतोय. म्हणजे सप्लाय ओके, नवी मोटर पण डुप्लिकेट निघाली असं मी धरून चाललो. पोवई नाक्यापलीकडच्या एका म्हाताऱ्या वायरमनने मीटर बाजूला ठेवला आणि त्याच दोन पिनांना इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावला. बल्ब पेटला, पण निखाऱ्यासारखा, नुसता लाल. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळं जळक्या पिनेतून पण पूर्ण व्होल्टेज दिसतं, लोड दिला, म्हणजे बल्बसारखं करंट ओढणारं काही लावलं की खरं कळतं. वायर धरून मागं जात रेझिस्टरच्या कप्लरपाशी पोचलो तर एक पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळून चिकटलेलं. मोटर बसवताना वायरी हलल्या म्हणून तीन दिवस चाललं, बस.

बल्ब चांगला लख्ख पेटला तर मात्र मोटरवर संशय घ्या. खालून हलकं टकटक केल्यावर फिरायला लागली तर कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) संपत आलेत, त्यावर लांबचा प्रवास काढू नका.

अजून एक, जळलेला कप्लर तसाच ठेवून नुसता रेझिस्टर बदलू नका, नवा पण जाईल. रेझिस्टर ब्लोअरच्या हवेनेच थंड होतो, त्यामुळं तो बाहेर लटकवून टेस्ट करत बसू नका, हात भाजेल. फिल्टर गच्च असेल किंवा मोटर जड फिरत असेल तरी तो तापून जातो. मी कप्लर आणि रेझिस्टर दोन्ही बदलले, फिल्टर पण नवा टाकला, आणि सगळं मिळून मोटरच्या निम्म्यात झालं.