ओट्यामागच्या भिंतीवरचे जुने टाइल ॲडहेसिव्ह काढताना

ओट्यामागच्या जुन्या टाइल्स काढून झाल्या की भिंतीवर ॲडहेसिव्हचा खरबरीत थर उरतो. भिंतीचे खरे नुकसान बहुधा याच टप्प्यावर होते, कारण टाइल्स फोडताना हाताला लागलेला जोर कमी न करताच छिन्नी पुढे चालवली जाते. घरातला सिमेंटचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि ॲडहेसिव्ह पुष्कळदा त्याच्यापेक्षा कठीण असते. म्हणून काम ॲडहेसिव्ह काढण्याचे असले, तरी लक्ष गिलावा वाचवण्याकडे ठेवावे.

आधी हातोड्याच्या दांड्याने सगळी भिंत ठोकून पाहावी. जिथे बद्द आवाज येतो तिथे गिलाव्याने विटेला सोडलेले असते, आणि ते भाग खडूने आखून ठेवावेत. अशा पोकळ जागा भिंतीच्या एक तृतीयांशाहून अधिक निघाल्या, तर खरवडत बसण्यात अर्थ नाही. सगळा गिलावा उतरवून नवा करून घेणेच माझ्या मते शहाणपणाचे आणि शेवटी स्वस्तही ठरते.

त्यानंतर ॲडहेसिव्ह कोणते आहे ते ओळखावे. एका कोपऱ्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास दाबून ठेवावे. पांढरट, डब्यातून तयार मिळणारे ॲडहेसिव्ह असेल तर ते बहुधा मऊ पडते आणि रुंद पत्र्याने सोलून निघते. गोणीतले राखाडी, सिमेंटयुक्त ॲडहेसिव्ह एकदा घट्ट झाले की पाण्याने विरघळत नाही. त्यावर पाणी फक्त धूळ दाबण्यासाठी शिंपडावे. गिलावा जिप्समचा असेल, म्हणजे नखाने ओरखडल्यावर पांढरी भुकटी निघत असेल, तर तेवढेही पाणी जपूनच वापरावे, कारण भिजलेले जिप्सम मऊ होऊन ॲडहेसिव्हबरोबरच निघून येते.

छिन्नी लावण्यापूर्वी त्या भिंतीचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करावा. मिक्सरचे प्लग पॉइंट आणि नळ यांच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायरी किंवा पाइप असण्याची शक्यता धरूनच हात चालवावा.

आता प्रत्यक्ष काम. दातेरी थापीने पसरलेल्या ॲडहेसिव्हच्या रेषा जवळून पाहिल्या की स्पष्ट दिसतात. त्यांचे उंचवटे आधी उडवावेत आणि तळाचा पातळ थर नंतर घ्यावा. रुंद, सपाट आणि धार लावलेली छिन्नी भिंतीशी जवळजवळ आडवी, वीस ते तीस अंशांच्या कोनात धरावी, आणि मोकळ्या कडेपासून आत जात लहान लहान ठोके द्यावेत. कोन वाढला की टोक गिलाव्यात घुसते आणि पोपडा निघतो. ॲडहेसिव्हच्या तुकड्यामागे वाळू चिकटून येऊ लागली, तर तिथेच थांबून दुसऱ्या बाजूने यावे. ही सवय लागली की काम संथ होते, पण भिंत शाबूत राहते.

अँगल ग्राइंडरला डायमंड कप व्हील, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली वाटीच्या आकाराची चकती, लावून थर झपाट्याने उतरतो, पण ते केवळ भक्कम सिमेंट गिलाव्यावरच चालवावे, आणि तेही धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमला जोडून. या धुळीतील सिलिकाचे बारीक कण फुप्फुसात कायमचे साठतात, त्यामुळे एन-९५ मास्क आणि चष्मा स्वतःला तसेच कामावरच्या बिगाऱ्यालाही द्यावा, खोलीच्या दारावर प्लॅस्टिक लावावे आणि शेवटी जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. ॲसिड मात्र अजिबात वापरू नये. ते ॲडहेसिव्हइतकेच गिलाव्यातील सिमेंटही खाते आणि त्याची वाफ बंद स्वयंपाकघरात घातक ठरते.

भिंतीवर पुन्हा टाइल्सच लावायच्या असतील, तर घट्ट धरून असलेला एक-दोन मिलिमीटरचा थर राहिला तरी चालतो. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणि ओळंबा लावून भिंत सपाट आहे एवढे तपासावे. रंग द्यायचा असेल तर मात्र थर पूर्ण काढावा लागतो. सिमेंटच्या गिलाव्याला जिथे खड्डे पडले असतील, तिथल्या सैल कडा काढून जागा ओली करावी, सिमेंटचे पातळ पाणी मारून मग गिलावा भरावा आणि त्यावर सात दिवस पाणी मारावे. खरवड गोण्यांत भरून राडारोडा म्हणूनच पाठवावी, आणि हत्यारे धुतलेले पाणी न्हाणीच्या जाळीत ओतू नये, कारण त्यातला गाळ पाइपात बसून तो तुंबतो.