बोटुकलीच्या खाद्यात तेल किती, कोणतं अन् कसं टाकायचं

भंडारा-गोंदियाकडं मामा तलावात (माजी मालगुजारी तलावात) नाहीतर शेततळ्यात मासोळीचं बीज वाढवणारे बरेच भाऊ पोत्यावर प्रोटीनचा आकडा पाहतात अन् फॅटचा सोडून देतात. लहान मासोळीला दोन्ही लागते. काऊन, तर फॅट कमी पडलं की ती महागडं प्रोटीनच जाळून ताकद काढते, मग ते अंगाला लागत नाही. रोहू, कटला, मृगळच्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) साधारण 6 ते 8 टक्के फॅट चांगलं. जिरे (बोटुकलीहून लहान, अगदी बारीक पिल्लं) असेल तर आधी शेणखत टाकून पाण्यात प्लँक्टन (पाण्यातले बारीक जीव) तयार करा, त्यातूनच त्याला चांगलं फॅट भेटते.

आता खरी गोष्ट. भाताच्या कच्च्या पॉलिशच्या कोंड्यात 12 ते 15 टक्के तेल असते, घाण्याच्या भुईमूग ढेपेत 7 च्या आसपास, म्हणून दोन्ही निम्मं-निम्मं घेतलं तर वरून तेल लागतच नाही. पण आजकाल बाजारात तेल काढलेला कोंडा अन् सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली ढेप) स्वस्त भेटते, दोन्हीत मिळून फॅट जेमतेम 1 टक्का, अन् आपण समजतो खाद्य तेच आहे. घेताना विचाराच, तेल काढलेला आहे का. मुठीत दाबून पाहा, कच्चा कोंडा हाताला तेलकट लागते अन् कागदावर डाग पडते.

असं डीओसीचं 10 किलो खाद्य असेल तर 300 ग्रॅम सोयाबीन तेल अन् 200 ग्रॅम जवसाचं तेल घ्या. दोन्ही यासाठी की ओमेगा-6 अन् ओमेगा-3 मासोळी स्वतः बनवू शकत नाही, कार्पला (रोहू, कटला, मृगळ हे त्यातलेच) दोन्ही 1-1 टक्क्याच्या आसपास लागतात, सोयाबीनमधून पहिलं येते अन् जवसातून दुसरं. जवस तर आपल्या विदर्भाचंच पीक, घाणीवर ताजं तेल भेटते. जवसाची ढेप मात्र जास्त टाकू नका, त्यात लहान जीवाला न मानवणारे घटक असतात, सरकीच्या ढेपेचंही तेच.

कोरडं खाद्य ताडपत्रीवर पसरा, तेलाची धार थोडी थोडी सोडत दोन्ही हातांनी चोळा, गाठ राहू देऊ नका, मग पाणी शिंपडून गोळे करून ट्रेमध्ये ठेवा. पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर तेल नीट मुरलं नाही.

मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये कच्चा कोंडा लवकर खवट होते. खवट तेल व्हिटॅमिन ई मारते, मासोळीची पाठ सुकत जाते, वाढ थांबते. वास कडवट आला की तो कोंडा बोटुकलीला देऊच नका, कितीही वाईट वाटलं तरी. तेल लावलेलं खाद्य 2-3 दिवसांपुरतंच करा, सावलीत झाकून ठेवा.

जास्त तेलही बरं नाही. मधूनमधून एखादी मेलेली बोटुकली चिरून पाहा, आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचा जाड थर दिसला तर तेल निम्म्यावर आणा.