एक पापलेट, आधी मातीत आणि मग लाकडात

मातीकाम आणि लाकडावरचे कोरीवकाम हे दोन्ही छंद शिकायचे असतील, तर आधी मातीत हात घालावा आणि तिथे घडलेलीच वस्तू पुढे लाकडात कोरावी, असे माझे मत आहे. मातीतला चुकलेला भाग पुन्हा लावता येतो. लाकडातून निघालेला कपचा परत बसत नाही. विषय म्हणून मी पापलेट सुचवतो. ते चपटे असते, त्याची बाह्यरेषा सोपी असते, आणि मुंबईत नमुना हवा असल्यास सकाळी मासळीबाजारात जाऊन आले की झाले.

गणपतीच्या मूर्तींसाठी लागणारी शाडू माती गणेशोत्सवाआधी शहरात सहज मिळते. पहिल्या कामाला २ किलो पुरते. पाणी थोडे थोडे घालून ती कणकेसारखी मळावी, रात्रभर ओल्या फडक्यात ठेवावी आणि सकाळी पुन्हा मळावी. मातीची सुरळी बोटाभोवती गुंडाळताना तडे गेले तर पाणी कमी पडले आहे, हाताला चिकटली तर जास्त झाले आहे. प्लास्टिक अंथरलेल्या पाटावर २ सेंमी जाडीची लादी थापून तिच्यातून माशाचा आकार कापावा, कल्ल्यामागचा भाग सर्वांत उंच ठेवून तोंडाकडे व शेपटीकडे उतार द्यावा. शेपटीचे खालचे टोक वरच्यापेक्षा लांब असते, हे नमुना समोर असल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. पर वेगळे करून जोडावेत. जोडाच्या दोन्ही बाजूंना सुईने ओरखडे काढून पातळ कालवलेली माती लावावी. बांबूची कोरणी आणि जुना चमचा एवढी हत्यारे पुरेत.

माझे पहिले पापलेट मी पंख्याखाली वाळवले आणि सकाळी शेपटी वेगळी झालेली होती, कारण पातळ भाग आधी सुकतो आणि आकसतो. म्हणून शेपटी व पर ओलसर फडक्याने झाकून ठेवावेत. हात धुतलेले पाणी मोरीत ओतू नये, नळी तुंबते. बादलीत गाळ बसू द्यावा आणि तीच माती पुन्हा वापरावी.

लाकडासाठी शिवण या झाडाचे किंवा आंब्याचे नीट वाळलेले लाकूड घ्यावे. १५ बाय १० सेंमीचा, अडीच सेंमी जाडीचा, गाठी नसलेला आणि तंतूंच्या रेषा लांबीच्या दिशेने असलेला तुकडा हवा. रे रोडच्या लाकूडबाजारात किंवा ओळखीच्या सुताराकडे तो मिळू शकतो. प्लायवूड कोरीवकामाला निरुपयोगी आहे, कारण त्याच्या प्रत्येक थरात रेषांची दिशा बदलते. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांतून १२ व ६ मिमीच्या सपाट पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), एक गोल पटाशी आणि ती ठोकायला लाकडी मोगरी आणावी. नवी पटाशी तशीच वापरू नये. ऑइल स्टोनवर सुमारे २५ अंशांच्या कोनात धार लावावी. बोथट पटाशीच जास्त धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती निसटते.

कार्बन पेपरने बाह्यरेषा उतरवून तुकडा दोन सी-क्लॅम्पनी टेबलावर आवळावा आणि दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे ठेवावेत. रेषेवर उभी पटाशी ३ मिमी ठोकावी, मग बाहेरच्या बाजूने त्या कापापर्यंत लाकूड काढावे. शरीराला उतार देताना उंच भागाकडून शेपटीकडे व उंच भागाकडून तोंडाकडे, म्हणजे उतारानेच कोरावे. तंतू फाटून पटाशी आत शिरू लागली की दिशा उलटी आहे असे समजावे. किती खोल जायचे हे ठरवण्यासाठी मातीचे पापलेट शेजारी ठेवून बोटाने दोन्ही चाचपावेत. (इमारतीत राहणाऱ्यांनी दुपारी मोगरी वापरू नये, हाताच्या जोरावर बारीक काम तेव्हा उरकावे.)

शेवटी १२० व मग २२० नंबरचा पॉलिश पेपर तोंडाला मास्क लावून फिरवावा आणि जवसाचे तेल चोळावे. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये; हे तेल सुकताना तापते आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ती गॅलरीतल्या दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्यावी.