लढायांच्या कथांतून देवाला विचारून चालणे कसे शिकावे

कापूस वेचणीच्या दिवसांत गावातील प्रार्थनासभेला माणसे थकून येतात, म्हणून विदर्भातल्या खेड्यात हा बायबल अभ्यास घेताना एकच उतारा निवडावा. माझ्या मते बायबलमधील 2 शमुवेल या पुस्तकातील 5:17-25 हा त्यासाठी सर्वांत योग्य आहे. तो सावकाश मोठ्याने वाचावा आणि इस्राएलचा राजा दावीद परमेश्वराला प्रश्न विचारतो तेथे थांबावे. त्याचे शत्रू पलिष्टी लोक रेफाईमच्या खोऱ्यात पसरले असता पहिल्यांदा त्याला चाल करून जाण्याची आज्ञा मिळते व तो जिंकतो. तेच शत्रू त्याच खोऱ्यात पुन्हा येतात, तेव्हा आधीचा विजय पाठीशी असूनही तो पुन्हा विचारतो, आणि या वेळी उत्तर वेगळे येते: समोरून जाऊ नकोस, पिछाडीला वळसा घाल आणि तुतीच्या झाडांच्या शेंड्यांतून कूच केल्याचा आवाज येईपर्यंत थांब. हे थांबणे श्रोत्यांना नीट जाणवू द्यावे, कारण अनुभवी योद्ध्याला तेच सर्वांत जड जाते.

वेळ उरल्यास बायबलमधील शास्ते या पुस्तकाचा 7 वा अध्याय वाचावा, जेथे लढाईला निघालेल्या गिदोनाचे 32,000 लोक देवाच्या सांगण्यावरून 300 वर येतात.

मात्र दावीद विचारल्यानंतर लढलाही, हे आवर्जून सांगावे. हातावर हात ठेवून बसणे म्हणजे विश्वास नव्हे. शेवटी प्रत्येकाने पेरणी, कर्ज किंवा मुलीचे लग्न यांपैकी गेल्या वर्षीच्याच पद्धतीने उरकायला निघालेला एक निर्णय निवडून त्यासाठी नव्याने प्रार्थना करावी, आणि पुढील सभेपर्यंत शक्य असल्यास तो निर्णय पक्का करू नये.