मेलिंग लिस्टची सेटिंग्ज: पहिला मेल जायच्या आधी

पंचवीस-तीस जणांना मेल पाठवायचा असतो तोवर बीसीसीत पत्ते टाकून भागतं. आकडा वाढला की कुरबुरी सुरू होतात. ‘मला का नाही आला?’, ‘माझा पत्ता बदललाय’, ‘मला यातून काढा हो’. पत्त्यांची यादी तीन जणांकडे तीन वेगवेगळ्या अवस्थांत असते, आणि जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपलीकडे मेल जातही नाही. अशा वेळी मेलिंग लिस्ट काढावी: एकच पत्ता, त्यावर मेल टाकला की सगळ्या सभासदांना पोचतो.

लिस्ट काढायला पाच मिनिटं पुरतात. अडतं ते पुढच्या सेटिंग्जच्या पानावर. गूगल ग्रुप्स असो की मेलमन (लिस्ट चालवायच्या या दोन प्रचलित सोयी), तिथली पर्यायांची रांग बघून बहुतेक जण सगळं आहे तसंच सोडून देतात. दोनेकशे जणांची एक लिस्ट मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. त्यातून एक सवय लागली. प्रत्येक सेटिंगपुढे थांबून स्वतःला विचारायचं: कुणाकडून नको तो मेल चुकून गेला, तर तो किती जणांपर्यंत पोचेल? उत्तर ‘सगळ्यांपर्यंत’ असेल तर सेटिंग बदलायची, नाहीतर निदान समजून-उमजून तशी ठेवायची.

१. आधी लिस्टची जात ठरवा

लिस्ट दोन प्रकारची असते. एक घोषणांची: दोघे-तिघे लिहिणार, बाकीचे वाचणार. दुसरी चर्चेची: कुणीही लिहिणार, कुणीही उत्तर देणार. पुढच्या जवळपास प्रत्येक सेटिंगचं उत्तर यावरून ठरतं. दोन्ही कामं एकाच लिस्टवर करायला जाऊ नका. चर्चा रंगली की ज्यांना फक्त सूचना हव्या असतात ते निघून जातात. मग महत्त्वाची सूचना वाचायला कुणी उरत नाही. दोन लिस्ट काढा. वेगळे पैसे पडत नाहीत.

२. किल्ल्या दोघांकडे ठेवा

मालक म्हणून किमान दोन माणसं नेमा, दोघांचे पत्ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर फारच चांगलं. एकटा मालक पासवर्ड विसरला किंवा नोकरी सोडताना ऑफिसचा पत्ता गमावून बसला, तर लिस्ट जिवंत राहते पण तिला हात लावता येत नाही. रोजची मॉडरेशनची, म्हणजे अडवलेले मेल तपासून सोडायची, कामं करणाऱ्यांना मालकी देऊ नका. गूगल ग्रुप्समध्ये त्यांना ‘मॅनेजर’ करा, मेलमनमध्ये ‘मॉडरेटर’.

३. आत कोण येऊ शकतं

मेलमनमध्ये चार पर्याय दिसतात: कुणीही यावं, पत्त्याची खात्री करून यावं, मॉडरेटरच्या परवानगीने यावं, किंवा खात्री आणि परवानगी दोन्ही. पहिला पर्याय कधीच निवडू नका. त्यात कुणीही तुमचा पत्ता टाकून तुम्हाला नको त्या लिस्टवर बसवू शकतो. खात्रीचा मेल आणि त्यातली लिंक ही कटकट वाटते, पण त्यामुळेच लिस्टवरचा प्रत्येक पत्ता त्या माणसाने स्वतः दिलेला आहे हे पक्कं होतं.

जुनी यादी हाताशी असेल तर ती एका झटक्यात आत ओतायचा मोह होतो. त्यापेक्षा आमंत्रण पाठवा. दोनशेपैकी साठच जण आले तरी हरकत नाही. ते साठ मेल उघडून वाचतात.

४. मेल कोण टाकू शकतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गूगल ग्रुप्समध्ये ही सेटिंग ‘हू कॅन पोस्ट’ या नावाने आहे. मेलमनमध्ये सभासदाने मेल टाकल्यावर काय करायचं आणि तिऱ्हाइताने टाकल्यावर काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न विचारले जातात.

घोषणांच्या लिस्टवर पोस्ट करायचा हक्क फक्त मालक आणि मॅनेजरला द्या. मेलमनमध्ये सगळ्या सभासदांसाठी ‘होल्ड’ (मेल परवानगीसाठी अडवणं) किंवा ‘रिजेक्ट’ (परत पाठवणं) लावून ठरावीक दोघा-तिघांना मोकळीक द्या. हे राहून गेलं की काय होतं याचं गाजलेलं उदाहरण ऑक्टोबर १९९७ मधलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत मेलवर ‘बेडलम डीएल३’ नावाची सुमारे १३ हजार पत्त्यांची लिस्ट होती. आपण या लिस्टवर का आहोत, आपल्याला काढा, असा एकाने मेल टाकला. तो सगळ्यांना गेला. मग ‘मलाही काढा’ म्हणणारे आले, मग ‘रिप्लाय ऑल करू नका’ असं रिप्लाय ऑल करून सांगणारे आले, आणि कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. यात बदमाश कुणीच नव्हतं.

चर्चेच्या लिस्टवर सभासदांना मोकळं ठेवा, पण नव्या सभासदांचे मेल सुरुवातीला अडवा. गूगल ग्रुप्समध्ये नव्या सभासदांवर असं बंधन घालायची सोय आहे. मेलमनमध्ये सभासदांसाठीची मूळ कृती ‘होल्ड’ ठेवायची आणि एखाद्याचा पहिला मेल ठीकठाक आला की त्याच्यापुरतं बंधन काढायचं. जाहिरातबाज मंडळी पहिल्याच मेलला ओळखू येतात.

तिऱ्हाइतांच्या मेलसाठी ‘रिजेक्ट’ सोयीचं वाटतं: मेल परत जातो, कारणही कळतं. पण स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा, कुणा भलत्याचाच असतो. तुमची लिस्ट त्या बिचाऱ्याला नकाराची पत्रं पाठवत बसते आणि बदनामी तुमच्या सर्व्हरची होते. म्हणून ‘होल्ड’ लावा. स्पॅम फारच वाढलं तर ‘डिस्कार्ड’, म्हणजे मुकाट्याने केरात. अडवलेल्या मेलवर मात्र दिवसातून एकदा नजर टाका. त्यात नेहमी एखादा खरा सभासद सापडतो. तो वेगळ्याच पत्त्यावरून लिहीत असतो आणि आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून रुसलेला असतो.

५. उत्तर कुणाकडे जावं

सभासदाने ‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर मूळ लेखकाला जावं की सगळ्या लिस्टला? यावर जुन्या मंडळींत वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. उत्तर लिस्टला गेलं तर चर्चा जिवंत राहते. लेखकाला गेलं तर चर्चा खासगीत विरते, पण अब्रू शाबूत राहते.

आमच्या लिस्टवर पूर्वी उत्तर लिस्टलाच जायचं. एका सभासदाने सहज काहीतरी विचारलं. दुसऱ्याने त्याचं उत्तर दिलं आणि खाली दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या: ‘जाता जाता, काल दुसरीकडे मुलाखत चांगली झाली. साहेबांना अजून काही बोललो नाहीये.’ साहेब त्याच लिस्टवर होते. त्यांचं उत्तर अकरा मिनिटांनी आलं, तेही लिस्टवर: ‘शुभेच्छा.’

त्या रात्री मी सेटिंग बदलली आणि आजतागायत तशीच ठेवली आहे. ज्याला सगळ्यांशी बोलायचं आहे तो ‘रिप्लाय ऑल’ दाबेल. खासगी उत्तर लिस्टवर गेलं तर ते परत घेता येत नाही. लिस्टचं उत्तर खासगीत गेलं, तर तेच पुन्हा पाठवलं की झालं. गूगल ग्रुप्समध्ये ‘पोस्ट रिप्लाइज टू’ इथे मूळ लेखक निवडा. मेलमनमध्ये रिप्लाय-टूला हात लावू नका. तिथली शिफारसही तीच आहे. घोषणांच्या लिस्टवर उत्तरं मालकांच्या पत्त्याकडे वळवा.

६. विषयाआधीचं नाव, फुटर आणि डीमार्क

विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात लिस्टचं नाव टाकता येतं. ते छोटं ठेवा, मोबाइलवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात. फुटरमध्ये, म्हणजे मेलच्या तळाशी, दोनच ओळी पुरेत: लिस्ट कशाची आहे आणि बाहेर कसं पडायचं.

इथे एक खोच आहे. मेल खरोखर त्याच पत्त्यावरून आला का, हे तपासायला आता एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क वापरतात. लिस्ट मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे पाठवते, विषयाला नाव जोडते, खाली फुटर चिकटवते. त्यामुळे मूळ मेलवरची डीकेआयएमची सही जुळेनाशी होते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आणि पाठोपाठ एओएलने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचं धोरण ‘रिजेक्ट’वर नेलं, म्हणजे तपासणीत न बसणारा मेल नाकारा असं सांगितलं, आणि ठिकठिकाणच्या लिस्टवर गोंधळ उडाला. याहूवाल्याने मेल टाकायचा, बाकीच्यांच्या सर्व्हरनी तो नाकारायचा, आणि ते बाउन्स, म्हणजे परत आलेले मेल, त्या बाकीच्यांच्याच नावावर जमा व्हायचे. लिहिलं एकाने आणि लिस्टवरून निलंबित झाले दुसरेच.

उपाय सोपा आहे. मेलमनमध्ये डीमार्कच्या सेटिंगमध्ये ‘फ्रॉमच्या जागी लिस्टचा पत्ता’ हा पर्याय निवडा. मग पाठवणाऱ्याच्या जागी ‘अमुक व्हाया लिस्ट’ असं दिसतं. गूगल ग्रुप्स गरज पडेल तिथे हे आपणहून करतं.

७. आकार, अटॅचमेंट, डायजेस्ट

मेलमनमध्ये एका मेलची मूळ मर्यादा ४० केबी आहे. मजकुराला ती पुरून उरते, पण फोनवरचा एक फोटोसुद्धा दोन-तीन एमबीचा असतो, म्हणजे प्रत्येक फोटोवाला मेल तुमच्या परवानगीसाठी अडकणार. मर्यादा थोडी वाढवा, पण मोठ्या फाइलची लिंकच पाठवायची हा नियम ठेवा. मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, आणि तिची एक-एक प्रत प्रत्येकाच्या पेटीत जाऊन पडते.

डायजेस्ट, म्हणजे अनेक मेल एकत्र बांधून, हवा की सुटा मेल हवा, हे सभासदाला ठरवू द्या. गूगल ग्रुप्समध्ये एका डायजेस्टमध्ये २५ पर्यंत मेल येतात. नव्या माणसासाठी सुरुवातीला सुटे मेलच ठेवा. पहिल्याच दिवशी लांबलचक गठ्ठा आला तर तो कुणी उघडत नाही.

८. बाउन्स

परत आलेल्या मेलचा हिशोब लिस्ट स्वतः ठेवते. मेलमनमध्ये मूळ मर्यादा ५ गुणांची आहे. एका दिवसात कितीही मेल परत आले तरी एकदाच मोजतात. सात दिवस नवा बाउन्स आला नाही तर जुना हिशोब रद्द होतो. पाच गुण भरले की त्या पत्त्यावर मेल जाणं थांबतं, मग सात-सात दिवसांनी तीन इशारे जातात आणि शेवटी नाव निघतं.

रोज मेल येणाऱ्या लिस्टवर हे आकडे ठीक आहेत. तुमची लिस्ट महिन्याला एक मेल पाठवत असेल तर यात गोची आहे: दोन बाउन्समध्ये महिना जातो, हिशोब दर वेळी पुसला जातो आणि मेलेला पत्ता वर्षानुवर्षं यादीत राहतो. अशा लिस्टवर हिशोब टिकण्याची मुदत शंभरेक दिवस करा आणि मर्यादा दोन-तीनवर आणा.

९. कोणाला काय दिसावं

सभासदांची यादी फक्त मालक आणि मॅनेजरला दिसू द्या. जुन्या मेलांचं अर्काइव्ह सभासदांपुरतं ठेवा. सार्वजनिक अर्काइव्ह शोधयंत्रांत येतं, आणि दहा वर्षांपूर्वी कुणी रागाच्या भरात लिहिलेलं त्याच्या नावानिशी वर येतं. अर्काइव्ह सार्वजनिक करायचंच असेल तर पहिल्या दिवसापासून तसं सांगून करा. नंतर उघडणं म्हणजे खासगीत बोललेलं चावडीवर वाचून दाखवण्यासारखं आहे.

१०. बाहेरचं दार

अनसबस्क्राइबला, म्हणजे लिस्ट सोडायला, परवानगीची अट लावू नका. जायला वाट सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’चं बटण दाबतो, आणि तसं चार-पाच जणांनी केलं की उरलेल्यांचे मेलही स्पॅममध्ये जायला लागतात. मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत) अनसबस्क्राइबचा पत्ता देण्याची पद्धत १९९८ पासून ठरलेली आहे. मेलमन आणि गूगल ग्रुप्स तो हेडर आपोआप घालतात, तो बंद करू नका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय देणं बंधनकारक केलं आहे. जीमेलच्या हिशोबात मोठं म्हणजे दिवसाला ५,००० मेल. स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असंही गूगल सांगतं. छोट्या लिस्टनेही ०.३ हाच आकडा नजरेसमोर ठेवावा.

११. लोकांना बोलवायच्या आधी तालीम

तीन पत्ते जमवा, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. दोन सभासद करा, एक बाहेर ठेवा. सभासदाकडून मेल टाका आणि दुसऱ्याला पोचला का बघा. स्पॅमचा फोल्डरही बघा. ज्या खात्यावरून मेल टाकला तिथे तो पुन्हा आलेला दिसला नाही तर घाबरू नका: लिस्टवर टाकलेला स्वतःचाच मेल जीमेल इनबॉक्समध्ये परत दाखवत नाही. हे माहीत नसल्यामुळे एकाच मजकुराचे चार-चार मेल टाकणारे सभासद मी पाहिले आहेत. मग दुसऱ्या पत्त्यावरून ‘रिप्लाय’ दाबा आणि पाठवण्याआधी ‘टू’मध्ये कुणाचं नाव आलंय ते वाचा. तिसऱ्या, बाहेरच्या पत्त्यावरून मेल टाका, तो अडकायला हवा. एका सभासदाच्या खात्यावर ‘मी रजेवर आहे’ हे स्वयंउत्तर लावून पुन्हा एक मेल पाठवा. ते उत्तर लिस्टवर आलं तर पाचव्या सेटिंगकडे परत जा.

शेवटी फुटरमधल्या लिंकवरून एकाला बाहेर काढा आणि किती क्लिक लागले ते मोजा. दोनपेक्षा जास्त लागले तर आमंत्रणं उद्या पाठवा.