सीनियर शोधताना जुन्या विद्यापीठाचं नावही टाका

नोकरीसाठी ओळख हवी, पण कॉलेजचे जुने विद्यार्थी कुठे आहेत ते कळत नाही? लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडा, ‘अ‍ॅल्युम्नाय’वर जा, शहर आणि कंपनी निवडा. यादी समोर येते.

नांदेड, लातूर, परभणीकरांनी इथेच थांबू नये. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चं. त्याआधीच्या पदवीधरांच्या प्रोफाइलवर औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ असतं, म्हणून तेही शोधा. अनुभवी, वरच्या पदावरची माणसं बहुधा तिथेच सापडतात.

मेसेज छोटा ठेवा: ‘नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजचा, बीएस्सी झालोय. तुमच्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलता येईल का?’

पहिल्याच मेसेजला बायोडाटा मात्र जोडू नका.